बांध सरकला

जलरंग म्हणजे काय, हे अख्ख्या जालना जिल्ह्यात फक्त मलाच कळतं! असं मी नेहमी म्हणतो आणि माझी बायको महजबीन दर वेळी कपाळाला हात लावते. त्या सोमवारीही मी छाती काढून तिला सांगितलं, "आज एकच तस्वीर बनाता, और सीधी बंबई भेजता!"

मुंबईच्या प्रदर्शनाला चित्र पाठवायचा तो शेवटचा दिवस होता. वीस वर्षं मी तैलरंगात लोकांचे आजे-पणजे रंगवतोय. आपल्या मनातलं एक तरी चित्र तिथल्या भिंतीवर लागावं, एवढीच हौस उरली होती. भारी कागदही एकच उरला होता!

घनसावंगीच्या अलीकडे जीपमधून उतरलो आणि एका रानाच्या कडेला बोर्ड मांडला. समोर काळीभोर मोकळी जमीन, मधोमध एक बांध, वर आभाळ. बस्स! चित्राची सगळी गंमत त्या मोकळेपणातच होती. आभाळ झालं, जमीन झाली, आता बांध ओढणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"साहेब, माझा आंबा राह्यला."

हा रानाचा मालक, मच्छिंद्र. त्या बाजूनं मोठा रस्ता जाणार अशी बोलवा होती. मग कागद घेऊन जमिनीकडे टक लावून बसलेला माणूस मोजणीवाला नसेल तर कोण असेल?

"अहो, मी चित्र काढून राह्यलोय!"

"बराबर हाय," त्यानं डोळा मारला. "बाहेर बोलायचं न्हाई. पण आंबा घ्या. रस्त्यात गेलेल्या झाडाचे पैसे येगळे भेटतेत."

"पण आंबा आहे कुठं?"

"यंदा लावणार हाय की!"

मी नाही म्हटलं. मग चहा आला. मग गरमागरम भजी आली. मीही माणूसच आहे हो! कोपऱ्यात एक छोटासा आंबा काढला आणि घाईघाईनं बांधाचा ओलाकंच तपकिरी पट्टा ओढला.

"आन् माझ्या चिंचा?" बांधापलीकडून कुणीतरी कडाडलं.

ती मच्छिंद्रची भावजय, द्वारकाबाई. पलीकडचं रान तिचं. बांधावरून दोघांचं बारा वर्षं बोलणं बंद होतं, म्हणजे फक्त भांडण चालू होतं. मच्छिंद्रनं आपला आंबा नीट बघायला बोर्डच उचलला, तिरपा धरला आणि ओला बांध सुळकन द्वारकाबाईच्या रानात वाहत गेला.

"बघा! आता कागदावर बी बांध सरकवला!" तिनं बोर्ड हिसकावून उलटा तिरपा केला. बांध निघाला तो थेट मच्छिंद्रच्या रानात!

"वहिनी, माझा आंबा बुडवला!"

"ठेवा खाली!" मी किंचाळलो. "हे आजच्या आज मुंबईला जायचंय!"

बोर्ड लगेच खाली आला.

"मुंबईला?" मच्छिंद्र कुजबुजला. "म्हंजे थेट मंत्रालयात?"

"असा वाकडा बांध? म्या मेले तरी जाऊ द्यायची न्हाई!" द्वारकाबाईनं कमरेचा विळा काढला. मी दोन्ही हात वर केले, पण विळा चालला कागदावर. बारा वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं. त्यानं कागद ताणून धरला, तिनं कापला. ज्याचं रान त्याच्या घरी! मधली दोन बोटांची ओली पट्टी मात्र कुणीच घेईना.

"बांध तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या, साहेब," मच्छिंद्र म्हणाला. "तुमच्यावर दोघांचा बी भरवसा हाय."

मला अक्षरशः रडू आलं.

घरी महजबीननं ती पट्टी उलटीसुलटी करून पाहिली. "तस्वीर किधर है?"

"अगे, बीस बरस में पहली बार मेरी तस्वीर के वास्ते दो लोगां लडे! विळा निकला, विळा!"

"तस्वीर के वास्ते?" तिनं विचारलं.

मी ब्रश धुवायला मोरीकडे निघून गेलो.