थंड इंजिनाला एक उखाणा

शैलजाकाकूंच्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उखाणा घेतल्याशिवाय 'पी'वरून 'डी'वर जात नाही. यात बिघाड काही नाही. गाडीच्या पुस्तिकेत सहा गिअर, तेल कधी बदलायचं आणि थंड इंजिनाला एक उखाणा, हे ओळीने दिलेलं आहे. नाव गाडीमालकाच्या जोडीदाराचं हवं, तेही मालकाच्याच तोंडून.

काकूंना उखाण्यांची कधी ददात नव्हती. दिगंबरकाका शेजारच्या सीटवर बसून ऐकत आणि दर वेळी नव्याने लाजत. यमक ढिलं पडलं की गाडी दुसऱ्यावरून तिसऱ्यात जाताना धक्का देई. शिळा उखाणा घेतला तर जागची हलतच नसे. या गिअरबॉक्समध्ये हे सर्रास आढळतं.

काका गेले आणि गाडी मिरजेच्या अंगणात उभी राहिली. आता काकूंना नाव घ्यायला सांगणार कोण? ज्या बायकांनी त्यांना हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं, त्या गाडीजवळूनही दबकत जाऊ लागल्या. आमचं घर शेजारीच, रोज दिसायचं. मला त्या बायकांचा भारी राग येई.

काकूंचा मुलगा अमोघ बायकोला घेऊन पुण्याहून आला. सूनबाईंनी हौसेने उखाणा घेतला, पण गाडी त्यांच्या नावावर नव्हती, त्यामुळे गिअरबॉक्सने दाद दिली नाही. गाडी चालत नाही म्हणजे आईचं येणंजाणं बंद, तेव्हा घराला कुलूप लावून तिला पुण्याला न्यायचं ठरलं. काकूंना जायचं नव्हतं. तसं त्या म्हणाल्याही, पण सामान बांधणं चालूच राहिलं.

शेवटचा उपाय म्हणून गॅरेजवाल्या बशीरभाईंना बोलावलं. त्यांनी तेल पाहिलं, ते ठीक होतं. अमोघने चाचरत विचारलं, बाबा आता नाहीत, तर उखाण्याची अट काढता येईल का?

"तशी सोय नाही," बशीरभाई म्हणाले. "त्याला नाव लागतं. माणूस आहे की नाही, ते तो बघत नाही."

काकू हातातली घडी केलेली साडी खाली ठेवून उठल्या आणि स्टिअरिंगवर जाऊन बसल्या.

"शैला, लोक ऐकतील," सामान बांधायला आलेली त्यांची बहीण म्हणाली.

काकूंनी काच खाली केली.

"थंडीत गाडी तापायला लागतो थोडा वेळ, दिगंबररावांशी माझा अजून बसतो मेळ."

लिव्हर 'डी'वर गेला. तिसऱ्यातही धक्का बसला नाही. काकू मंडईतून मेथी घेऊन आल्या आणि अमोघ दोघांचंच सामान घेऊन पुण्याला गेला.

शिळा उखाणा चालत नाही, त्यामुळे काकू आता रोज सकाळी नवा घेतात. काच खालीच असते.