तांबोळीबाईंचे म्हातारबुवा

आमच्या घरातला झोपाळा तुटला तेव्हा मी त्यावर बसलेलो होतो. आवाज ऐकून मजल्यावरचे सगळे धावत आले. शेजारच्या तांबोळीबाईही आल्या, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. तुटलेला हुक उचलून त्या खिडकीपाशी गेल्या, पर्समधून भिंग काढलं आणि शांतपणे म्हणाल्या, "सुंदर."

मी जमिनीवर कण्हत होतो. मग त्यांनी तो हुक माझ्या नाकासमोर धरला. तुटल्या जागी बारीक रेषा होत्या, ओहोटीनंतर ओल्या वाळूवर राहतात तशा. कडेचा एक तुकडा मात्र खरखरीत.

"हा खरखरीत भाग तेवढा आजचा. बाकीचा तडा तुम्ही रोज झोके घेत पेपर वाचत होता तेव्हाचा."

तडा एकदम पडत नाही, आपण तो एकदम बघतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कपाचा कान तुटो की चपलेचा अंगठा, हेच. वरच्या मजल्यावरचं जोडपं वेगळं झालं तेव्हाही त्यांनी जिन्यात हेच सांगितलं आणि महिनाभर त्या घराचा अबोला ओढवून घेतला.

बाई खडकीजवळच्या एका प्रयोगशाळेत इंजिनिअर होत्या. तिथे एका जुन्या विमानाचा पंख लोखंडी सांगाड्यात जखडलेला होता. यंत्रं तो दिवसभर वर-खाली वाकवत. जमीन न सोडता त्याची उड्डाणं चालू. तडा पहिल्यांदा कुठे जातो आणि कसा वाढतो, ते बघायचं, म्हणजे त्याच वयाच्या बाकीच्या विमानांची ती जागा वेळेत दुरुस्त करता येते. सोसायटीत याचा अर्थ एवढाच लावला गेला की बाईंना विमान मोडण्याचा पगार मिळतो.

त्या पंखाला त्या म्हातारबुवा म्हणत. भाचीच्या लग्नाला मोमीनपुऱ्यात गेल्या आणि जेवून लगेच परतल्या. का, तर म्हातारबुवांच्या एका रिव्हेटच्या भोकाशी केसाएवढी रेघ दिसली होती. ईदच्या दिवशीही आधी त्यांना बघून येत, मग आमच्याकडे शीरखुर्मा. आज कसे आहेत, असं मी गमतीनं विचारायचो. बाई गंभीरपणे उत्तर द्यायच्या. रेघ जरा पुढे सरकली, पण धीर धरून आहेत. घरात त्या एकट्याच. आमच्याकडे बसल्या की बोलणं तेवढंच.

एका दुपारी त्या अवेळी घरी आल्या. हातात पेढ्यांचा पुडा होता. पंख तुटला, म्हणाल्या. जिथे तुटेल असं त्यांनी लिहून दिलं होतं, तिथेच. आता त्या जातीची सगळी विमानं उतरवून तेवढी जागा बदलणार होते. साहेबांनी सगळ्यांना पेढे वाटले होते.

मी अभिनंदन केलं. त्यांनी पुडा माझ्या हातात दिला, पण स्वतःच्या दाराकडे काही वळल्या नाहीत.

"मोठा आवाज झाला," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या."

विमानं वाचली हे किती चांगलं झालं, असं काहीतरी मी पुटपुटलो. त्या हो म्हणाल्या आणि चष्मा पुसू लागल्या. बराच वेळ पुसत राहिल्या.

माझी बायको सुनीता आतून हे ऐकत होती. ती बाहेर आली आणि बाईंचा हात धरून त्यांना आत घेऊन गेली. आज तुम्ही चूल पेटवायची नाही, जेवण इथेच, असं तिनं सांगितलं. आमच्याकडे दुःखाच्या घरी शेजारून पिठलं-भात जातो, हे एवढ्या वर्षांच्या शेजारानं बाईंना ठाऊक होतं. सुनीतानं काढलेला बेसनाचा डबा त्यांनी पाहिला आणि त्या मुकाट्यानं पाटावर बसल्या.

सुनीतानं त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मग माणूस गेल्यावर विचारतात तशा हलक्या आवाजात तिनं विचारलं, "वय काय होतं हो त्यांचं?"

तांबोळीबाईंनी चष्मा खाली ठेवला आणि अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.