दोन गाण्यांमधली शांतता

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले आगाशेकाका दोन गाण्यांमधली शांतता स्टॉपवॉच लावून मोजतात. गाणी काय, कोणीही ऐकतं. खरं काम शांततेचं, असं त्यांचं म्हणणं.

काका निवृत्त ड्राफ्ट्समन. रेघ केसभर हलली तर कागद फाडणारे. आता ते कॉम्प्युटरवर गाण्यांच्या सीड्या तयार करतात. जुनी कॅसेट आत घ्यायची, खरखर पुसायची, गाणी सुटी करून त्यांना नावं द्यायची आणि क्रम लावायचा. सॉफ्टवेअर दोन गाण्यांत आपोआप दोन सेकंद सोडतं, हा त्यांना वैयक्तिक अपमान वाटतो. "दोन सेकंदांत काय होतं हो? सिग्नलला मागचा हॉर्न मारतो, तेवढा वेळ." आनंदी गाण्यानंतर दुःखी असेल तर चार. दुःखी गाण्यानंतर आनंदी असेल तर साडेपाच. "अहो, माणसाला डोळे पुसायला वेळ नको?"

बुधवार पेठेतला कोऱ्या सीड्या विकणारा त्यांचं स्वागत "या, शेवटचे गिऱ्हाईक" असं करतो. काका हे कौतुक म्हणून सांगतात.

यंदा त्यांनी काकूंच्या गाण्यांची सीडी केली. काकू दोन वर्षं हिंजवडीत, मुलाकडे, नातवाला सांभाळायला. हडपसरहून हिंजवडी म्हणजे शहर एकच, पण मधलं ट्रॅफिक असं की त्या सणासुदीलाच येतात. त्यांनी हळदीकुंकवांत म्हटलेली अकरा गाणी काकांनी चार महिने बसून स्वच्छ केली. अठरा प्रती काढल्या, प्रत्येकीवर घेणाऱ्याचं नाव घातलं. पहिली काकूंना, कुरियरने. एक आम्हाला, हातात.

आमच्या घरात सीडी लावायचं यंत्र उरलेलं नाही. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मी "वा" म्हणून ती फ्रिजवर ठेवली. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी त्यांची सीडी कबुतरं हाकलायला गॅलरीत टांगली, तेव्हा मी बायकोला म्हणालोसुद्धा, लोकांना काही लाज नाही.

आठवड्याने काका लिफ्टमध्ये भेटले. ऐकलीत का, म्हणाले. मी नुसता हो म्हणून सुटलो असतो. पण साधं खोटं बोलून माझं भागत नाही, मी त्याला तपशील जोडतो.

"गाणी छानच, काका. पण चौथ्या-पाचव्यामधली शांतता, ती तर ऐकतच राहावी."

मजला आला, काका घाईने घरात गेले.

रविवारी सकाळी ते दारात उभे. एका हातात नवी सीडी, दुसऱ्या हातात यादी. सीड्यांवर नावं त्यांनी आधी लिहिली होती, गाणी नंतर भरली, भरली की यादीत टिक; आणि माझ्या नावापुढे टिक नव्हती.

"तुमची कोरीच गेली," ते म्हणाले. "पण शांततेबद्दल बोललात ते खरं होतं. त्यात तेवढीच होती."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. ते आठवलं की अजून माझे कान गरम होतात.

"माफ करा काका. घरात यंत्रच नाही."

"कोणाकडेच नाही." त्यांनी यादीची घडी घातली. "बाकीचे सतरा जण गप्प आहेत. त्यांत आमची हीसुद्धा आली. तुम्ही निदान विचार करून खोटं बोललात."

मग ते जरा चाचरले. "माझ्याकडे आहे यंत्र. वेळ असेल तर."

मी चपला घातल्या. त्यांच्या हॉलमध्ये यंत्रासमोर दोन खुर्च्या आधीच मांडलेल्या होत्या.

चौथं गाणं संपलं. काकांनी बोट वर केलं. शांतता साडेपाच सेकंदांची होती. मला कमीच पडली.