फुग्याखालची वाइन

जोगळेकरकाकांच्या बाल्कनीत कायम फुगे दिसतात, पण त्यांच्या घरी वाढदिवस कुणाचाच नसतो. फुगे बरण्यांच्या तोंडावर चढवलेले असतात आणि बरण्यांत द्राक्षं आंबत असतात. आतल्या वायूने फुगा ताठ झाला की काका खूश.

कारखान्यात काका तपासणी विभागात होते. तीस वर्षं दुसऱ्यांचं काम "मापात नाही" म्हणून परत पाठवण्याचा त्यांना पगार मिळाला. निवृत्त झाल्यावर टाउनशिपमधलं क्वार्टर सोडून ते सोनागिरी कॉलनीत आमच्या समोर राहायला आले आणि तेच काम फुकट करू लागले. डब्यातली आमटी मापात नाही. शेजारच्या तिवारीजींचा जावई मापात नाही. मुलाने, निखिलने, पुण्यात स्वतःचं लग्न ठरवलं तेव्हा मुलगी न बघताच मापात नव्हती. काकू गेल्यापासून निखिल दिवाळीला दोन दिवस येतो, फोनमध्ये बघत बसतो आणि जातो.

हा निखिल नाशिकला वाइन चाखायला जातो, असं काकांच्या कानावर आलं. त्यांनी स्वतः आयुष्यात सोड्यापलीकडे काही घेतलेलं नाही. तरी बाजार उठताना उरलेली मऊ द्राक्षं, बेकरीतलं यीस्ट आणि भंगारवाल्याच्या बाटल्या घेऊन ते कामाला लागले.

"दिवाळीत त्याच्यापुढे ठेवीन," मला म्हणाले. "जरा बसेल तरी."

मी केमिस्ट्रीला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मला सगळं येतं असं काकांना वाटतं, आणि तसं नाही हे सांगायचा मला धीर होत नाही.

"शास्त्रज्ञ, चाख."

मी चाखली. डोळ्यांत पाणी आलं. "काका, थोडी आंबट वाटते."

"थोडी?" तिवारीजींनी ग्लास हुंगला. "सिरका है, साहब. प्याज काटके डाल दो."

"व्हिनेगर म्हणे! तुमची जीभ मापात नाही," काका म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी फुग्यांकडे पाहिलंसुद्धा नाही.

निखिल आला. काकांनी मलाही बोलावलं, एकट्याने ग्लास पुढे करवेना म्हणून असावं. निखिलने एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. आता फोन निघणार, असं मला वाटलं.

"बाबा, आत हवा कुठून गेली?"

"फुगा होता ना."

"फुटला होता?"

काकांनी बाल्कनीकडे पाहिलं. "गणपतीत. चारेक दिवस."

निखिल उठून बाल्कनीत गेला. बरण्या हुंगल्या, यीस्टची पुडी बघितली. "बाबा, हे पावाचं आहे हो," म्हणाला आणि हसला. मग साखर, मग ऊन, मग न धुतलेल्या बाटल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेला हा माणूस आता मान खाली घालून स्वतःच्या चुका वहीत उतरवून घेत होता. दोन तास गेले. फोन दोनदा वाजला, निखिलने तो उचलला नाही. उठताना म्हणाला, "पुढच्या वेळी नीट करू."

दुसऱ्या दिवशी त्याला स्टेशनवर सोडून काका थेट आमच्याकडे आले.

"शास्त्रज्ञ, चांगली झाली असती तर एक ग्लास पिऊन उठला असता."

त्यांनी वहीचं कोरं पान माझ्यापुढे केलं.

"वाइन आणखी किती तऱ्हांनी बिघडते? यादी करून दे. एकदम सगळं नको. वर्षाला एक पुरे."

काका एकाहत्तरचे आहेत. मी लायब्ररीत बसून बावीस तऱ्हा लिहून दिल्या. शेवटच्या काही मीच मनाने रचलेल्या होत्या.