शेजाऱ्याची तार तोडण्याबाबत

शेजारी निवडता येत नाही, म्हणून सुज्ञ माणसाने त्याचे गुण तेवढे पाहावेत. आम्ही इंटरनेट पुरवतो. ज्या नेटवर्कशी आपली तार जोडलेली असते त्याला आमच्या धंद्यात शेजारीच म्हणतात, आणि आमच्या साहेबांनी हा शब्द फारच मनावर घेतला आहे.

आमचा शेजारी गुणी. मोतीबिंदू विरघळवणारे थेंब विकणारं इंटरनेटवरचं एक पान त्याने स्वतःकडे ठेवून घेतलंय. (मोतीबिंदू विरघळत नाही. डोळा जातो.) आमच्या इंजिनीअरबाईंच्या आत्याचा उजवा गेला. आता ती डाव्यासाठी बाटली मागवायच्या बेतात. समजवायला जावं तर म्हणते, "एवढं छान लिहिलंय, ते काय खोटं असेल का गं?"

"साहेब, तार काढा," इंजिनीअरबाई म्हणाल्या. "पान उघडलंच नाही तर ती मागवेल कुठून?"

"अहो, शेजारधर्म म्हणून काही आहे की नाही?" साहेब कळवळले.

समिती बसली. अनैतिक शेजाऱ्याशी कसं वागावं याचे टप्पे ठरले: आधी दुर्लक्ष; ते न जमल्यास नाराजी; मग तीव्र नाराजी (मजकूर तोच, अक्षरं ठळक); आणि पाणी अगदीच डोक्यावरून गेलं तर चहा. चहाला शेजारी स्वतः आला. सज्जन माणूस हो! "पान माझं नाही, मी फक्त जागा दिली," म्हणाला. समितीचे डोळे पाणावले. (समितीचे दोन्ही डोळे शाबूत आहेत.) बिस्किटंही त्यानेच आणली होती.

इंजिनीअरबाईंचं डोकं फिरलं. चहा चालू असतानाच त्या उठल्या आणि तार उपटून आल्या.

आणि काय सांगू, फोनवर फोन! साहेबांना वाटलं, लोक आभार मानतायत. कसले आभार! नवे सिनेमे फुकट दाखवणारं पानही शेजाऱ्याकडेच होतं, ते ऐन रंगात आल्यावर अडकलं. "तुमच्या भांडणात आमचा काय दोष?" शंभरातल्या सत्त्याण्णव ग्राहकांनी कनेक्शन सोडायची धमकी दिली. (उरलेल्या तिघांना फोन लागला नाही.) आत्याचं कुणी विचारलं नाही, आणि विचारणार तरी कोण?

साहेबांनी तार स्वतःच्या हाताने पुन्हा जोडली. बाटलीही वेळेवर पोचली. आमची सेवा जलद आहे. इंजिनीअरबाई सध्या रजेवर असतात, कारण आत्याला मोरीपर्यंतही हाताला धरून न्यावं लागतं. मला त्याचं वाईट वाटतं, अगदी मनापासून वाटतं.

हे वाचून तुम्हीही चुकचुकलात, बरं वाटलं. एकच विचारायचं होतं. त्या दिवशीचा पहिला फोन तुमचाच ना? मग, शेवट कसा होता सिनेमाचा?