चित्राशेजारची पाटी

चित्र पाहताना सर्वांत मोठी अडचण असते ती चित्राची. ते मध्ये येतं आणि शेजारची पाटी नीट वाचू देत नाही.

अमेरिकेत पिस्कॅटवेजवळच्या एका रविवारच्या मराठी शाळेने हे ओळखून सहलीसाठी फॉर्म काढला, तेव्हा रामभाऊंना कौतुकच वाटलं. अमरावतीत चाळीस वर्षं मुलांना शिकवून ते लेकीकडे राहायला आले होते आणि या शाळेत गोष्टीचा तास घेत. तो तास आता फॉर्मवर अवलंबून होता. दहाच्या दहा मुलांनी फॉर्म पूर्ण भरला तर तास चालू. नाहीतर त्या वेळात स्पेलिंग स्पर्धेची तयारी.

म्युझियममध्ये व्हिक्टोरिया राणीच्या काळातली चित्रं आली होती. त्या काळी कवी दीर्घकाव्यात एखादी मुलगी मारत, आणि चित्रकार तिला मरणाआधी पाच मिनिटं केस मोकळे सोडायला लावून रंगवत. (इंग्लंडातल्या नदीकाठांवर त्यामुळे बरीच गर्दी झाली असावी.) फॉर्मवर पाच प्रश्न होते: चित्रकार, साल, काव्याचं नाव, लांबी-रुंदी, देणगीदार. चित्रात काय आहे, हा प्रश्न वेळेअभावी वगळला होता.

नऊ मुलांनी अकरा मिनिटांत फॉर्म भरले. पाटीकडे सरासरी चाळीस सेकंद, चित्राकडे तीन. देवांगने तर दालनात पाऊलही न टाकता दुकानातल्या पोस्टकार्डांच्या पाठी वाचून काम उरकलं. त्याचं सगळ्यांसमोर अभिनंदन झालं.

राहिली आठ वर्षांची आन्या. ती नावेत आडव्या पडलेल्या एका मुलीसमोर उभी होती.

“काका, हिच्याकडे वल्हंच नाहीये. हू इज स्टीअरिंग?”

रामभाऊ गुडघे सांभाळत तिच्याशेजारी फरशीवर टेकले. “तुला काय वाटतं?”

“शी इज प्रिटेंडिंग. ते बघा, शालीखाली शूज लपवलेत. मरायचंय तर शूज कशाला?”

एवढ्यात आन्याची आई अस्मिता आली. शाळेची सेक्रेटरीही तीच. “आन्या, पाटी वाच ना यार! आन्सर तिथेच आहे. शी डाइज.”

“पण आई, शूज!”

“शूज फॉर्मवर नाहीयेत. काका, तुम्ही तरी सांगा हिला. पाच मिनिटांत बस निघतेय, आणि तास तुमचाच आहे.”

पाच उत्तरं सांगायला रामभाऊंना एक मिनिट पुरलं असतं. त्यांनी कोऱ्या फॉर्मकडे पाहिलं, मग चष्मा पुसून शालीकडे. बूट खरंच होते. लाल.

“नाडी बांधलेली आहे का गं?” त्यांनी विचारलं.

बस सुटायची वेळ झाली तरी दोघं नाडीच पाहत होते.

शाळेने नियम सर्वांना सारखा लावला. गोष्टीचा तास बंद झाला. रामभाऊंना प्रमाणपत्र मिळालं, फ्रेमसकट.

तासाबद्दल तुम्हालाही हळहळ वाटली असेल, आभारी आहोत. पण नावेतली ती मुलगी बूट घालून पुढे कुठे गेली, हे मात्र अजून तुम्हीही विचारलेलं नाही.