दोन सीटांचा कौल

निर्णय कसा घ्यावा, हे कुणीही माझ्याकडून शिकावं! मनात आलं की करून मोकळा! अख्ख्या मालवणच्या कचेरीत असा दुसरा हेडक्लार्क दाखवा!

तर शिरोड्याला एका मुंजीला गेलो असताना माझ्या जुन्या दोस्ताच्या, बाबलीच्या बागेत मी ती गाडी पाहिली. झावळ्यांच्या मांडवाखाली, विलायती, लाल, बसकी, शर्यतीची. पोर्तुगीज अमलात त्याच्या मामाने गोव्याहून आणलेली. छप्पर नाही, सीटा दोनच, आणि इंजिनात मुंग्यांचं वारूळ!

"बसान बघ," बाबली म्हणाला.

बसलो. स्टिअरिंग धरलं आणि विरघळलोच! आमच्या हिला जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी बडोद्याला नांदते. संध्याकाळी रेडिओ बंद केला की घरात मी आणि पाल. तीही माझ्याशी चुकचुकत नाही! ही गाडी खोलायची, घासायची, रंगवायची, चालती करायची, म्हणजे हातांना काम. आणि मग समुद्राकाठाने फिरायला जायचं, शेजारी कुणीतरी... छे, छे! मी गाडीबद्दलच बोलतोय.

"रविवारपर्यंत सांग," बाबली म्हणाला. "नायतर भंगारवालो नेतलो."

मी ताबडतोब ठरवलं, की विचार करून सांगायचं.

घरी आल्यावर शेजारच्या माईंना हे सांगितलं, तिथे फसलो. माईंच्या कानात गेलेली गोष्ट एस.टी.च्या आधी कणकवलीला पोचते!

"छप्पर नाय? रे दाजी, आमच्या पावसात छत्रीकय छत्री लागता!"

"उन्हाळ्यात चालवीन."

"आणि सीटा दोनच? एक तुजी. दुसऱ्येर कोण बसतला?"

पिशवी ठेवीन म्हणायचं होतं हो! पण मी ऐटीत म्हणालो, "बसात कोणतरी!"

माईंनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि पदर खोचून बाहेर पडल्या.

दुसऱ्या दिवशी बाजारात हिरा मासळीवालीने माझे बांगडे परत टोपलीत टाकले. "आता बांगडे कित्याक? सरंगो घे! पावणे येतले ना?" न्हाव्याने न विचारता मिशीला कलप लावला. कचेरीत साहेब म्हणाले, "दाजी, रजा किती दिवसांची हवी?"

"साहेब, मी गाडी घेतोय, गाडी!"

"घ्याच," साहेब म्हणाले. "वरातीला लागतेच!"

माझा निर्णय पक्का होता. फक्त घ्यायची की नाही, तेवढं ठरत नव्हतं. आमच्याकडे असं अडलं की देवाला कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. शनिवारी सकाळी देवळात गेलो, तर निम्मा गाव आधीच हजर! बायका ठेवणीतली लुगडी नेसून आलेल्या!

विठोबा गुरवाने डोळे मिटून गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! ह्यो तुजो लेकरू एकटो पडलो आसा..."

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"ह्येच्या बाजूक बसाक कोणतरी गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

टप्प! उजवी कळी पडली. देवळात टाळ्या! माई डोळे पुसताहेत!

"अरे विठोबा, माका गाडीचा विचारूचा होता!"

"ता आधी सांगूक नको? गाडीचो कौल येगळो लावूक होयो!"

लावला. डावी पडली.

देवाचा शब्द! मी शिरोड्याच्या कंडक्टरबरोबर बाबलीला निरोप धाडला, 'गाडी नको.' पण खोटं कशाला सांगू, मी खूश होतो. पहिला कौल उजवा होता ना! रविवारी माई कुणाला तरी घेऊन येणार होत्या. मी कपाटातला दुसरा कप काढून तीनदा धुतला.

आल्या त्या सुभद्राबाई. वेंगुर्ल्याच्या शाळेत शिवण शिकवायच्या, लग्न केलं नव्हतं. हसऱ्या होत्या, मोठ्याने हसायच्या. माझ्या घरात किती दिवसांनी कुणी हसत होतं! चहा झाल्यावर त्या उठून खिडकीतून अंगणात बघायला लागल्या.

"गाडी कुठे आहे?"

"नाही घेतली. देवाने डावा दिला."

"अग्गो बाय!" त्या खाली बसल्या. "माका वाटला, ह्या वयात छप्पर नसलेली गाडी घेणारो एक तरी पिसो माणूस जिल्ह्यात आसा. तेकाच बघूक इल्लंय!"

गेल्या. माई फाटकातून माझ्याकडे असं बघत होत्या, जणू कळ्या मीच पाडल्या!

सोमवारी पहाटेच्या एस.टी.ने शिरोडं गाठलं. मांडव रिकामा होता.

"तुजो निरोप गावलो, तसो भंगारवाल्याक बोलावन दिलंय," बाबली म्हणाला.

परतीची एस.टी. वेंगुर्ल्याच्या स्टँडवर थांबली. सुभद्राबाईंची शाळा तिथून हाकेच्या अंतरावर. मी पक्कं ठरवलं, उतरायचं! देवाला विचारायचं नाही, माईंना विचारायचं नाही, सरळ जायचं आणि म्हणायचं, 'बाई, गाडी गेली, पण पिसा माणूस आलाय!' उठलोसुद्धा! मग वाटलं, शाळेची वेळ आहे, बरं दिसेल का? पुन्हा बसलो. मग वाटलं, हीच तर वेळ आहे! पुन्हा उठलो.

एस.टी. स्टँडवर फारच थोडा वेळ थांबते हो! कंडक्टरने घंटी मारली, तेव्हा मी अर्धा उभाच होतो.

"काका, उतरतास की बसतास?"

मालवण येईपर्यंत मी त्याला काही सांगू शकलो नाही.